आर्ट नूव्हो आणि आर्ट डेको मुलांना कसं समजवायचं? सहा तासिकांत कलाशैलींची ओळख

रेषा_शिरपूर (प्रश्न)

राम राम मंडळी. माध्यमिक शाळेतल्या ३५ मुलांना सहा तासिकांत कलाशैलींची ओळख करून द्यायची आहे. तासिका ४० मिनिटांची. मुलं एलिमेंटरी चित्रकला परीक्षा देऊन आली आहेत, इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. त्यामुळे एकक, पुनरावृत्ती, बॉर्डर, कोपरा हे हाताला माहीत आहे. अडतं ते नावांपाशी. बरोक, रोकोको, इम्प्रेशनिझम, आर्ट नूव्हो, क्युबिझम, आर्ट डेको, बाउहाउस ही यादी मुलं पाठ करतात. मग चित्र समोर ठेवलं की वेल दिसली म्हणजे नूव्हो, त्रिकोण दिसला म्हणजे डेको, असं सांगून मोकळी होतात.

तीन गोष्टी विचारते. क्रम कोणता धरावा? सहल मुंबईला न नेता आपल्या खान्देशात दाखवता येईल असं काय आहे? आणि संकल्पचित्राच्या पेपरला उपयोगी पडेल असा नेमका सराव कोणता घ्यावा? साहित्य साधंच आहे: पाव इम्पीरियल कार्ट्रिज कागद, पोस्टर कलर, कंपासपेटी.

---

तापीकाठ (चोपडा)

ताई, मुलांचा दोष कमी आहे, यादीचाच जास्त. तिच्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका ओळीत बसवल्या आहेत. चळवळीत माणसं स्वतःहून एकत्र येतात, "हे आम्हाला मान्य नाही" म्हणतात आणि आपलं वेगळं मांडतात. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये मोने, रेन्वार, देगा, पिसारो वगैरेंनी सरकारी प्रदर्शनाबाहेर स्वतःचं प्रदर्शन भरवलं, ती चळवळ. इम्प्रेशनिस्ट हे नाव टीकाकारानं चेष्टेनं दिलं आणि पुढं तेच चिकटलं. सजावटीची शैली बऱ्याचदा मागाहून ओळखली जाते. आर्ट डेकोचंच बघा. पॅरिसचं सजावटी आणि औद्योगिक कलांचं मोठं प्रदर्शन १९२५ चं, पण आर्ट डेको हे नाव रूढ झालं १९६० च्या दशकात. प्रदर्शनात माल मांडणाऱ्यांपैकी कुणीही स्वतःला डेकोवाला म्हणवत नव्हता. म्हणून फळ्यावर दोन रकाने करा: चित्रकलेतल्या चळवळी एकीकडे, वस्तू-इमारतींच्या शैली दुसरीकडे. तुमच्या सहा तासिका दुसऱ्या रकान्यालाच द्या. इम्प्रेशनिझम आणि क्युबिझमला वेगळा वेळ हवा. इथं घुसडले तर दोन्हींचा चुथडा होईल.

क्रमासाठी एक प्रश्न धरा: यंत्रानं केलेली वस्तू दिसावी कशी? तो ऐरणीवर आला १८५१ मध्ये, लंडनच्या हाइड पार्कमधल्या प्रदर्शनात. प्रदर्शनासाठी पॅक्स्टननं उभारलेला लोखंड-काचेचा क्रिस्टल पॅलेस बाहेरून साधा, सांगाडा उघडा ठेवलेला. आत मात्र यंत्रावर दाबून काढलेल्या पानाफुलांनी लडबडलेल्या वस्तू. जी नक्षी कारागिराला महिनाभर लागायची ती साच्यातून दिवसाला ढिगानं निघू लागली, आणि म्हणून ती कशावरही चढवली जाऊ लागली. पुढच्या सगळ्या शैली या एका अडचणीला दिलेली उत्तरं आहेत.

इंग्लंडमधला डिझायनर विल्यम मॉरिस आणि हस्तकलेच्या बाजूच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्सवाल्यांचं उत्तर: हाताकडे परत चला, लाकूड लाकडासारखं दिसू द्या, सांधा लपवू नका. मॉरिसनं भागीदारांसोबत कंपनी काढली १८६१ मध्ये. त्याचं उत्तर सुंदर होतं पण महाग पडलं. हातानं छापलेला कपडा कामगाराच्या घरी पोचला नाही. हे मुलांना जरूर सांगा, कारण पुढचे लोक इथूनच वेगळे होतात.

आर्ट नूव्होचं उत्तर: लोखंड-काच चालेल, पण ग्रीक-रोमन-गॉथिकची नक्कल नको, वस्तू रोपासारखी वाढू द्या. ब्रुसेल्समध्ये व्हिक्टर ओर्तानं १८९३ मध्ये तासेल यांचं घर बांधलं. त्यात खांब वर जाऊन वेलीसारखा फुटतो आणि तीच रेषा कठड्यात, भिंतीवर, जमिनीच्या मोझेकमध्ये फिरते. पॅरिसच्या मेट्रोची एक्तोर गिमारची प्रवेशद्वारं १९०० ची. ती दिसतात एकेक हातानं घडवल्यासारखी, पण आहेत साच्यात ओतलेली बिडाची, तेच भाग पुन्हा पुन्हा जोडलेले. म्हणजे यंत्राशी तह झाला होता.

आर्ट डेकोनं यंत्राचा वेगच सजावटीला घेतला. सरळ रेषा, पायऱ्या, किरण, पंखे, मधोमध अक्ष. सुरुवातीचा डेको श्रीमंती आहे: आबनूस, हस्तिदंत, लाखेचं काम. १९३० नंतर क्रोम, काच आणि सिमेंट आल्यावर तो गल्लीबोळांत पोचला.

बाउहाउस ही शाळा होती, शैलीचं नाव नव्हे. १९१९ मध्ये वायमार, १९२५ पासून देसाउ, शेवटी बर्लिन, आणि १९३३ मध्ये बंद. त्यांचं म्हणणं असं की वस्तू कशी बनते, कशी वापरली जाते ते आधी सोडवा. मग वेगळी नक्षी चढवायची गरजच उरत नाही.

बरोक आणि रोकोको या युरोपातल्या त्याआधीच्या शैलींना पहिल्या तासिकेतली दहा मिनिटं पुरेत. एक खूण मात्र पक्की करून घ्या, कारण रोकोको आणि नूव्हो या दोन्हींत वळणं असल्यानं तिथं हमखास चूक होते. रोकोकोचं वळण इंग्रजी सी अक्षराच्या तुकड्यांनी बनतं, प्रत्येक तुकडा शिंपल्यात किंवा पानात संपतो आणि ती नक्षी भिंतीवर चिकटवल्यासारखी बसते. नूव्होची रेषा मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड जाते, आणि खांब, कठडा, खुर्चीचा पाय स्वतःच वळतो. बोट ठेवून रेषेमागं जायला सांगा. बोट उचलावं लागलं की बहुधा रोकोको.

---

जुना_सागवान (अमळनेर)

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. आपल्या गावांच्या जुन्या पेठांत शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त आधी काय काय नाही ते ओळखलं पाहिजे.

सागवानी खांब, त्यावरचे हस्त (तुळईला आधार देणारे कोरीव तुकडे), तुळईच्या टोकाला पोपट किंवा कमळ, चौकटीवर गणेशपट्टी. वळणं बघून मुलं याला आर्ट नूव्हो म्हणतील. ते चूक. ही आपली सुतारकामाची जुनी परंपरा. फरक असा की इथं वेल चौकटीच्या आत मोजून बसवलेली असते, डावी-उजवी बाजू सारखी असते, आणि खांबाचं वजन घेणारा भाग नक्षीपासून वेगळा राहतो.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे सज्ज्याचा लोखंडी कठडा. तो बिडाचा ओतीव आहे की पट्टी वाकवून केलेला, हे आधी बघायला लावा. ओतीव कठड्यात जाडी जागोजागी बदलते, पानाला फुगवटा असतो, आणि कडेनं बोट फिरवलं तर साच्याच्या दोन भागांचा सांधा बारीक रेघेसारखा लागतो. मोडला तर कडकन तुटतो, वाकत नाही. असे कठडे बहुतेक व्हिक्टोरियन वळणाचे: टोकदार कमानी, चार पाकळ्यांचं फूल, अकँथस या झाडाचं कातरलेलं पान. पट्टीच्या ग्रिलला सगळीकडे एकच जाडी, सांध्याला रिव्हेट किंवा वेल्डिंग. उगवता सूर्य, पायऱ्या, समांतर तीन पट्ट्या या डेकोच्या खुणा पट्टीच्या ग्रिलमध्येच सापडतात, कारण सरळ पट्टी कापून जोडायला लोहाराला सोपी.

डेको शोधायचा तर मान वर करायला सांगा. दुकानाचा खालचा भाग शटर आणि फ्लेक्सनं झाकलेला असतो, वरचा मजला वाचलेला असतो. बघायचं ते एवढं: माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भिंत, मधोमध उभा पट्टा आणि बऱ्याचदा त्यावर सिमेंटमध्ये उठवलेलं बांधकामाचं साल. खिडक्यांवरून कोपऱ्याला वळसा घालून जाणारा सलग छज्जा. भिंतीवर तीन समांतर आडव्या रेघा. गोल खिडकी. गोलावलेला कोपरा. यांतल्या तीन खुणा एकत्र दिसल्या तर डेको म्हणा. नुसत्या एकीवर शिक्का मारू नका, कारण पायऱ्यांचा माथा पुढं कित्येक वर्षं गवंडी सवयीनं करत राहिले.

लहान गावांत डेको का रुजला, हे मुलांना विचारा. त्यांच्यातल्या गवंड्याच्या पोराला उत्तर येईल. कोरीव काम करायला नक्षीवाला लागतो. सिमेंटच्या सरळ पट्ट्या मात्र ओळंबा, दोरी, रंधा आणि लाकडी फरमा एवढ्यावर कोणताही चांगला गवंडी ओढतो. मुंबईतली चित्रपटगृहं बघा, रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं. दक्षिण मुंबईतल्या गॉथिक आणि डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. ती छायाचित्रं वर्गात दाखवा आणि मग आपली पेठ दाखवा. मुलं खुणा स्वतः जुळवतील.

तिसरी जागा पायाखाली. जुन्या घरांतल्या रंगीत सिमेंटच्या लाद्या, साधारण ८ इंच चौरस. वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटरचाच असतो. पितळी कप्प्यांच्या साच्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग ओतून, मागं वाळू-सिमेंट भरून दाबलेला. भाजलेली लादी नव्हे ही. म्हणून अॅसिडनं धुवायची नाही. सिमेंट आणि संगमरवर दोन्ही अॅसिडमध्ये विरतात, चकाकी जाते ती पुन्हा येत नाही. साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

मुलांना ठसे घ्यायला लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. कागद ठेवून वरून मेणखडू घासण्याची पद्धत लाकडाच्या कोरीवकामावर आणि बिडाच्या कठड्यावर चालते. लादी सपाट असते, तिथं काहीच उमटत नाही. लादीवर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीनं गिरवा, आणि एक नव्हे, चार लाद्या गिरवा. बऱ्याच लाद्यांत आकृती पूर्ण होते ती चार कोपरे एकत्र आल्यावर. एकच गिरवली तर मुलाला कोपऱ्यातली पाव पाकळी मिळते आणि रचना कळतच नाही.

---

रेषा_शिरपूर

लाद्यांचं फार उपयोगी पडेल, अशी दोन घरं गावात आहेत. सराव कोणता घ्यावा ते अजून राहिलं. एकच विषय सगळ्या शैलींत काढून घेतला तर चालेल का?

---

कोरा_कागद (धुळे)

चालेल, आणि तोच सगळ्यात चांगला. विषय केळफूल घ्या, आपल्याकडे शेतकरी ज्याला कमळ म्हणतात ते. त्याला टोक आहे, एकावर एक चढलेली आवरणं आहेत, वाकलेला दांडा आहे, शेजारी वाऱ्यानं फाटलेलं पान आहे. चारही शैलींना पुरेल एवढा मालमसाला त्यात आहे. पहिल्या तासिकेला खरं केळफूल वर्गात आणा, उभं चिरा, आणि दहा मिनिटं नुसतं वस्तुचित्र काढून घ्या. ते न करता थेट शैलीत गेलात तर मुलं इंटरनेटवरचं कमळ काढतील, पाण्यातलं.

मॉरिस पद्धत. ८ बाय १२ सेंमीचं एकक. आधी मोठं फूल आणि दोन पानं, मग त्यांच्या मागं बारीक वेलीचा दुसरा थर. मॉरिसच्या कापडांची जान या दोन थरांत आहे, मागची बारीक वेल पुढच्या मोठ्या फुलाला उचलून धरते. छायाप्रकाश नाही, सपाट रंग. पुनरावृत्ती अर्धी खाली सरकवलेली: शेजारचा उभा रकाना ६ सेंमी खाली. एकक ट्रेसिंगवर घ्या, चार प्रती करा, अशा सरकवून मांडा आणि सहा फुटांवरून बघा. फूल एककाच्या बरोबर मधोमध बसवून भोवती कोरी जागा सोडली असेल तर पांढरे तिरपे पट्टे लगेच डोळ्यात भरतात. पान किंवा दांडा एककाच्या कडेबाहेर जाऊ द्या आणि समोरच्या कडेनं आत आणा, पट्टे मोडतात. रंग निळा, तांबडा, पिवळट. मॉरिसच्या १८८३ च्या स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांच्या प्रसिद्ध कापडात आधी सगळा कपडा निळीत बुडवला, मग नको तिथली नीळ छापानं उडवली, मग तांबडा-पिवळा भरला. कापसाच्या मुलखातल्या पोरांना हे सांगताना कपड्याचा तुकडा हातात द्या.

नूव्हो. उभी चौकट ८ बाय २० सेंमी. दांडा खालच्या एका कोपऱ्यातून निघून दोनदा वळत वर जातो आणि शेवटी चाबकाच्या टोकासारखा एकदम मागं फिरतो. हीच खरी खूण: वळण सुरुवातीला सैल, शेवटाकडं आवळत जाणारं. रेषेची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून तीनपर्यंत आणि परत बारीक. चार नंबरचा गोल ब्रश, मनगट न टेकता, खांद्यापासून हात फिरवून. आधी वर्तमानपत्रावर वीस वेळा. मुलं वळण सगळीकडे सारख्या त्रिज्येचं काढतात आणि वेलीची जिलेबी होते. दुसरी चूक म्हणजे सवयीनं डावी-उजवी बाजू सारखी करणं; एका बाजूला मोकळी जागा सोडायची म्हणून बजावा. फाटलेलं केळीचं पान इथं कामाला येतं, त्याच्या पट्ट्या केसांच्या बटांसारख्या वाहू द्या. बाहेरची रेषा जाड, आतल्या बारीक ठेवायच्या. अल्फोन्स मुखा या नूव्हो चित्रकाराच्या पोस्टरांत आकृती कागदापासून सुटून दिसते ती यानं.

डेको. इथं हात बांधून ठेवायचा, फक्त कंपास आणि पट्टी. चौकोन २० सेंमीचा. मधोमध उभा अक्ष. खालच्या कडेपासून ३ सेंमी वर त्या अक्षावर केंद्रबिंदू. त्यातून १५-१५ अंशांवर रेषा, अर्धवर्तुळात १२ भाग. कंपासपेटीतले दोन गुण्ये जोडले की १५ अंश मिळतात, कोनमापक लागत नाही. अक्षाच्या दोन्ही बाजूंचे पहिले भाग १३ सेंमी त्रिज्येपर्यंत, पुढचे १२, मग ११, १०, ९, आणि आडवे झोपलेले शेवटचे ८. केळफुलाची आवरणं अशी पायऱ्यांनी उतरतात आणि टोक आपोआप वर येतं. केंद्राशी सगळ्या रेषा एकवटून काळा गोळा होतो, ब्रश शिरत नाही. तिथं २ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढून आतलं सगळं झाकून टाका. त्या ठिकाणी प्रत्येक पट्टी साधारण अर्धा सेंमी रुंद असते, तेवढीत रंग स्वच्छ भरतो. रंग तीन आणि काळा. एकाआड एक भरा.

बाउहाउस. ब्रश बंद. रंगीत कागद, कात्री, आणि जास्तीत जास्त पाच तुकडे. पाच तुकड्यांत केळफूल ओळखता आलं पाहिजे. वासिली कांदिन्स्की बाउहाउसमध्ये त्रिकोणाला पिवळा, चौकोनाला लाल, वर्तुळाला निळा असं नातं मांडायचा. मुलांना ते न सांगता आधी विचारा, कोणत्या आकाराला कोणता रंग शोभतो, आणि हात वर करायला लावून मोजा. इथली हमखास चूक म्हणजे पाच तुकडे चिकटवून झाल्यावर कडेला बॉर्डर काढायची सवय. बॉर्डर काढली की ते पुन्हा सजावटीकडे गेलं.

एकेका शैलीला एक तासिका. मॉरिसला वेळ कमी पडेल, तिथं रंग घरी भरू द्या.

---

हंसपट्टी (पहूर)

सगळं पटलं, पण पूर्ण आखणी युरोपची झाली. अजिंठा आपल्या उशाशी आहे आणि मुलांना लंडनपासून सुरुवात?

भावनेपोटी म्हणत नाही. सजावटीची रचना शिकायला अजिंठ्याची छतं फार मोलाची आहेत. लेणी क्रमांक १ आणि २ ची छतं बघा. चौकोनी खणांची आखणी, मोठ्या चौकोनात वर्तुळं, कोपऱ्यांत वेगळी आकृती, वर्तुळाभोवती हंसांची पट्टी. खणांत कमळ, फळं, हत्ती, बैल. आखणी कडक, पण एक खण दुसऱ्यासारखा नाही. संकल्पचित्राच्या पेपरात मुलं एकच एकक छापल्यासारखं भरतात. तिथं जागा सारखी ठेवून आकृती बदलायची कशी, हे या छतांवरून शिकवता येतं. रंगही मोजके: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि मोजक्या ठिकाणी लाजवर्द या दगडाचा निळा. हे ओल्या गिलाव्यावरचं फ्रेस्को नाही, हेही दुरुस्त करून घ्या, पुष्कळ ठिकाणी चुकीचं लिहिलेलं असतं. भुसा-तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेला रंग.

आणि ही गोष्ट तुमच्या १८५१ च्या धाग्यातच बसते. त्या प्रदर्शनात भारतीय कापड आणि धातुकाम बघून तिकडचे डिझाइनवाले थक्क झाले होते. त्यांच्यातल्याच ओवेन जोन्सच्या १८५६ च्या अलंकरणाच्या ग्रंथात भारतीय नक्षीला स्वतंत्र प्रकरण आहे. लगेच १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या नकला करत होते. म्हणजे मॉरिस लंडनमध्ये वेली आखत होता त्याच वर्षांत इथं आपली पोरं छतं गिरवत होती.

पुढचं टोक तर थेट जळगाव जिल्ह्यात. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झालं. त्याच्या सजावटीचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडं दिलं होतं, अट एकच, गावात मिळतं त्यातच करायचं. बांबू, गवत, चटया. अजिंठ्याच्या नकला नंदलालबाबूंनीही तरुणपणी केल्या होत्या. वस्तू कशाची बनते तेच तिचं सौंदर्य, हा मॉरिसचा आणि बाउहाउसचा मुद्दा यावलच्या मातीत बांबूनं उभा केला गेला. शांतिनिकेतनचं कलाभवन १९१९ चं, बाउहाउसही १९१९ चं, आणि डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात बाउहाउसच्या क्ले, कांदिन्स्की, इटेन यांच्या कामांचं प्रदर्शन लागलं होतं. हे धागे वर्गात जोडले नाहीत तर मुलांना वाटत राहील की शैली आगबोटीतून उतरल्या आणि आपण नुसते बघत होतो.

---

तापीकाठ (चोपडा)

मान्य, माझ्या क्रमात ही उणीव होती. तासिका अशा करा ताई: पहिली वस्तुचित्र आणि १८५१ चा प्रश्न, दुसरी अजिंठ्याचं छत आणि मॉरिस एकत्र, तिसरी नूव्हो, चौथी डेको आणि पेठेतली फेरी, पाचवी बाउहाउस आणि फैजपूर, सहावी ओळखीची चाचणी. अजिंठा आणि मॉरिस शेजारी ठेवलात तर एक फरक आपोआप शिकवला जाईल: छतात खण दिसतो, मॉरिसच्या कापडात एककाच्या कडा लपवलेल्या असतात.

एवढंच सांभाळा की अजिंठ्याला "भारतीय आर्ट नूव्हो" असलं काही म्हणू नका. सारखेपणा दाखवा, नाव उसनं देऊ नका.

चाचणीला चित्रांखाली नावं नकोत. बारा चित्रं, प्रत्येकाला तीनच प्रश्न: रेषा खांद्यानं काढली की कंपासनं? डावी-उजवी बाजू सारखी आहे का? नक्षी काढून टाकली तर वस्तू उभी राहील का? शैलीचं नाव शेवटी लिहायचं. तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडखळतील आणि तिथंच बोलायला सुरुवात होईल. नूव्होच्या कठड्यातून वेल काढली तर कठडाच उरत नाही. व्हिक्टोरियन कपाटावरची पानं काढली तर कपाट तसंच राहतं.

---

रेषा_शिरपूर

मंडळी, मनापासून आभार. शेवटच्या दोन अडचणी. डेकोच्या पट्ट्यांत पोस्टर कलरचे ब्रशचे ओरखडे दिसतात आणि काळ्याशेजारचा पिवळा मळतो. आणि अक्षरलेखनात हीच शैली आणायची असेल तर देवनागरीला काय करावं?

---

जुना_सागवान (अमळनेर)

अक्षरांचं सांगतो, रंगाचं कोरा_कागद सांगतील. चौकटींच्या कागदावर दहा घरं उंचीचं अक्षर घ्या. शिरोरेषा एक घर जाड, काना दोन घरं. डेकोत अक्षराची कंबर मधोमध ठेवत नाहीत, मुद्दाम खाली किंवा वर सरकवतात. व, ब, क यांची गाठ खालच्या चार घरांत बसवा, वरची पाच घरं नुसता सरळ दांडा; लगेच तो काळ दिसायला लागतो. वळणं कंपासची. "जळगाव" लिहायला द्या, ळ ला दोन पूर्ण वर्तुळं मिळतात आणि शब्द छान सजतो. शिरोरेषा तोडू नका, सलग पट्टीनं शब्द बांधलेला राहतो. नूव्होत याच्या उलट: वेलांटी आणि मात्रा दांड्यातून फुटलेल्या कोंबासारख्या, आणि शिरोरेषेची जाडी बदलती. पण वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली तर "कि" की "की" ते कळत नाही. आधी वाचता आलं पाहिजे, मग वळण.

---

कोरा_कागद (धुळे)

ओरखड्यांचं कारण बहुतेक वेळा पाणी. रंग घट्ट दह्याइतका असेल तर ब्रश ओढताना चरे पडतात आणि जाड थर वाळल्यावर तडकतो. ताकाइतका पातळ झाला तर कागद खालून डोकावतो. घुसळलेल्या दह्यासारखा, ब्रशवरून सावकाश ओघळणारा हवा. एका रंगाच्या सगळ्या पट्ट्यांना पुरेल एवढा एकदाच वाटीत कालवा; दुसऱ्यांदा कालवलेला कधीच हुबेहूब जुळत नाही. सपाट ब्रशनं आधी आडवा हात, ओला असतानाच उभा हात, आणि मग तिथं परत जायचं नाही. अर्धवट वाळलेल्या भागावर ब्रश फिरवला की खालचा थर उचलला जातो.

पिवळा मळतो कारण पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात सुटतो. काळा आधी भरून शेजारी पिवळा लावला की ओल्या ब्रशनं काळा ओढला जातो. क्रम फिक्याकडून गडदाकडे, काळा सगळ्यात शेवटी, आणि पाण्याची भांडी दोन, एक धुवायला, एक कालवायला. सोनेरी रंग डेकोत मोह पाडतो, पण तो सपाट बसत नाही आणि शेजारचे रंग मंद दिसतात. त्याऐवजी पिवळ्या ऑकरमध्ये थोडा लेमन यलो मिसळा, काळ्याशेजारी तो सोन्यासारखा उठतो.

एप्रिल-मे मध्ये हा सराव घेणार असाल तर सकाळच्या तासिका घ्या. आपल्याकडच्या उन्हात वाटीतला रंग दहा मिनिटांत कडेनं धरतो, आणि ती खपली ब्रशवर येऊन पट्टीत दाणे दिसतात. वाटीवर ओलं फडकं झाका, धरलेली कड आत ढवळू नका, कागदानं पुसून काढा.